नाविकाचे प्रमाणपत्र आणि राष्ट्राची पत

(कसबा बावडा, कोल्हापूर येथे पालक व महाविद्यालयीन युवकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



कसबा बावड्याचे पाण्याशी नाते आहे ते पंचगंगेमुळे. पावसाळा सुरू झाला की साऱ्या जिल्ह्याचे डोळे येथल्या राजाराम बंधाऱ्यावरील पाणीपातळीकडे लागतात. ३९ फूट म्हणजे इशारा आणि ४३ फूट म्हणजे धोका, हे दोन आकडे येथल्या शाळकरी मुलालाही पाठ असतात. २०१९ च्या महापुरात हीच पातळी ५५ फुटांवर गेली आणि नौदलाच्या पथकांना बोटी घेऊन या जिल्ह्यात यावे लागले. तेवढा प्रसंग सोडला, तर समुद्र आणि कोल्हापूर यांचा काही संबंध आहे असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. समुद्र हा कोकणाचा विषय, जहाज हा मुंबईचा विषय, अशी आपली समजूत होऊन बसली आहे.

इतिहास मात्र वेगळे सांगतो. १६६० मध्ये सिद्दी जौहरने पन्हाळ्याला वेढा घातला, तेव्हा राजापूरच्या वखारीतील इंग्रज तोफ आणि दारूगोळा घेऊन पन्हाळ्याच्या पायथ्याशी आले होते. त्यांनी स्वतःचे निशाण लावून गडावर मारा केला. हे लोक कोणत्याही राजाचे सैनिक नव्हते. ते समुद्रमार्गे आलेले व्यापारी होते. शिवाजी महाराजांनी पुढच्याच वर्षी राजापूरची वखार ताब्यात घेऊन त्यांना कैद केले. पुढे १६६४ मध्ये मालवणच्या बेटावर सिंधुदुर्गाची उभारणी सुरू झाली. परक्याचे व्यापारी जहाज आज बंदरात येते आणि उद्या त्याच्या तोफा घाट चढून वर येतात, ही गोष्ट महाराजांनी अचूक ओळखली होती.

हीच दृष्टी पुढे कोल्हापूरच्या गादीवरील संभाजीराजांसाठी सिद्ध झालेल्या 'आज्ञापत्रा'त दिसते. रामचंद्रपंत अमात्यांच्या नावाशी जोडलेल्या या राजनीतिग्रंथात आरमाराला राज्याच्या स्वतंत्र अंगाचे स्थान दिले आहे. (या अमात्य घराण्याचा 'बावडा' तो गगनबावडा, कसबा बावडा वेगळा.) तेवढ्यावरच ग्रंथकार थांबत नाही. समुद्रावर व्यापार करणाऱ्या सावकारांना अभय द्यावे, त्यांची आवकजावक वाढवावी, जहाजांसाठी लाकूड तोडताना रयतेची आंब्या-फणसाची झाडे बळाने तोडू नयेत, असा बारकाईचा विचार त्यात आहे. लढाऊ गलबत, व्यापारी गलबत आणि रयत हे तिन्ही एकाच राज्याचे अवयव आहेत, असे मानणारी ही परंपरा आहे.

पारतंत्र्यातील सागर

इंग्रजी अमलात ही परंपरा खंडित झाली. भारताच्या किनाऱ्यावरील वाहतूकसुद्धा परदेशी कंपन्यांच्या हाती गेली. या मक्तेदारीला पहिले मोठे आव्हान दिले ते तुतिकोरिनच्या व्ही. ओ. चिदंबरम पिळ्ळै यांनी. लोकमान्य टिळकांना गुरुस्थानी मानणाऱ्या या वकिलाने १९०६ मध्ये स्वदेशी स्टीम नॅव्हिगेशन कंपनी स्थापन केली आणि तुतिकोरिन-कोलंबो मार्गावर स्वतःच्या बोटी सोडल्या. ब्रिटिश कंपनीने भाडे पाडून त्यांची कोंडी केली. १९०८ मध्ये सरकारने त्यांना राजद्रोहाखाली तुरुंगात टाकले. तेथे त्यांना तेलाच्या घाण्याला जुंपण्यात आले. ते बाहेर येण्यापूर्वीच कंपनी मोडली होती.

दुसरा प्रयत्न सोलापूरच्या भूमीत जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांचा. नरोत्तम मोरारजी आणि अन्य सहकाऱ्यांसह त्यांनी १९१९ मध्ये सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी उभी केली. ग्वाल्हेरच्या शिंदे सरकारांकडून घेतलेली 'लॉयल्टी' ही बोट ५ एप्रिल १९१९ रोजी मुंबईहून लंडनकडे निघाली. त्याच स्मरणार्थ १९६४ पासून ५ एप्रिल हा राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो. सिंदियाचीही कोंडी झाली. १९२३ च्या करारानुसार तिला दहा वर्षे किनारी वाहतुकीपुरते मर्यादित राहावे लागले. परंतु वालचंदांनी हार मानली नाही. १९४१ मध्ये विशाखापट्टणमच्या जहाजबांधणी कारखान्याची पायाभरणी डॉ. राजेंद्रप्रसादांच्या हस्ते झाली आणि तेथे बांधलेले 'जलउषा' हे जहाज १९४८ मध्ये स्वतंत्र भारताच्या पाण्यात उतरले.

जहाज विकत घेता येते, बांधताही येते. पण ते चालवणारा माणूस कोठून आणायचा? बोटीच्या पोटात कोळसा ओढणारा, दोर सांभाळणारा खलाशी कोकणातला असे; कप्तान आणि इंजिनिअर मात्र गोरा. भारतीय मुलाला अधिकारी होण्याचे शिक्षण देणारी व्यवस्थाच देशात नव्हती. १९२२ मध्ये सर शिवस्वामी अय्यर यांनी मध्यवर्ती कायदेमंडळात याविषयी ठराव मांडला. त्यातून एक समिती नेमली गेली आणि अखेर १९२७ मध्ये मुंबई बंदरात 'डफरिन' हे प्रशिक्षण जहाज सुरू झाले. या डफरिनच्या पहिल्या तुकडीत रामदास कटारी नावाचा मुलगा होता. १९५८ मध्ये तो स्वतंत्र भारताच्या नौदलाचा पहिला भारतीय प्रमुख झाला. व्यापारी जहाजाच्या शाळेतून नौदलप्रमुख घडावा, यातच या दोन क्षेत्रांचे नाते स्पष्ट होते.

महासंचालनालय : काम आणि जबाबदारी

स्वातंत्र्यानंतर ही विस्कळीत सूत्रे एका हाती आणण्यासाठी १९४९ मध्ये मुंबईत नौवहन महासंचालनालयाची स्थापना झाली. सर्वसामान्य माणूस ज्याला 'डीजी शिपिंग' म्हणतो, ते हे कार्यालय. १९५८ च्या व्यापारी नौवहन कायद्याने त्याला अधिकार दिले. संसदेने २०२५ मध्ये या कायद्याच्या जागी नवा कायदा संमत केला असून, त्यात महासंचालकांच्या पदाला 'सागरी प्रशासन महासंचालक' असे नाव दिले आहे. नाव कोणतेही असो, कामाचे स्वरूप समजून घेणे महत्त्वाचे.

या कार्यालयाची मुख्य कामे तीन. पहिले काम जहाजांचे. भारताचा ध्वज लावणाऱ्या प्रत्येक जहाजाची नोंदणी, तपासणी आणि सुरक्षिततेची हमी या यंत्रणेकडून दिली जाते. मुंबई, कोलकाता, चेन्नई आदी ठिकाणची मर्कंटाइल मरीन डिपार्टमेंटची कार्यालये हे काम पाहतात. दुसरे काम माणसांचे. कोणत्या संस्थेने नाविकांना शिकवावे, काय शिकवावे, किती काळ समुद्रावर काढल्यावर परीक्षेस बसता यावे, हे महासंचालनालय ठरवते; आणि सेकंड मेटपासून मास्टरपर्यंतच्या, तसेच सागरी अभियंत्यांच्या पात्रता परीक्षा तेच घेते. तिसरे काम नाविकाच्या कल्याणाचे : त्याचे सेवापुस्तक म्हणजे सीडीसी, त्याचा भविष्यनिर्वाह निधी, परदेशात अडकल्यास त्याची सुटका, आणि नोकरी देणाऱ्या दलालांवर नियंत्रण.

यांपैकी दुसऱ्या कामाचे महत्त्व विशेष आहे. डफरिननंतर १९७२ मध्ये 'राजेंद्र' हे जहाज आले आणि १९९३ मध्ये नवी मुंबईत किनाऱ्यावरच 'टी. एस. चाणक्य' ही संस्था उभी राहिली. सागरी अभियंत्यांसाठी १९४९ पासून कोलकाता व मुंबई येथे स्वतंत्र शिक्षण सुरू झाले. वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी मुंबईत १९४८ मध्ये सुरू झालेले महाविद्यालय आज लालबहादूर शास्त्रींच्या नावाने ओळखले जाते. २००८ मध्ये या सरकारी संस्था भारतीय सागरी विद्यापीठात एकत्र आल्या. १९९७ पासून खासगी संस्थांनाही परवानगी मिळाली आणि आज देशभरात शंभराहून अधिक मान्यताप्राप्त संस्था आहेत.

नाविकाच्या शिक्षणाबद्दल १९७८ चा एक आंतरराष्ट्रीय करार आहे. १९९५ आणि २०१० मध्ये त्याचे नियम अधिक कडक झाले. ज्या देशांची प्रशिक्षणव्यवस्था या कसोटीस उतरते, त्यांची एक यादी आंतरराष्ट्रीय सागरी संघटना प्रसिद्ध करते. २००० मध्ये निघालेल्या पहिल्याच यादीत भारत होता. याचा व्यवहारातील अर्थ असा, की भारतीय अधिकाऱ्याचे प्रमाणपत्र रॉटरडॅममध्ये, सिंगापूरमध्ये वा ह्यूस्टनमध्ये उघडले, तर ते कागद म्हणून नव्हे, तर भारत सरकारचा शब्द म्हणून वाचले जाते. लाखो टन तेल वाहून नेणारे जहाज त्या एका शब्दावर विश्वासून एका भारतीय तरुणाच्या हाती दिले जाते. रुपयाला जशी पत असते, तशी या प्रमाणपत्रालाही पत असते. खोट्या नोटेने जसे चलन बुडते, तसे एका खोट्या प्रमाणपत्राने हजारो प्रामाणिक नाविकांचे नाव बुडते.

ही पत भारतीय नाविकांनी कष्टाने कमावली आहे. जून २०१५ मध्ये ओडिशाच्या किनाऱ्यापासून दूर, खवळलेल्या समुद्रात 'दुर्गम्मा' ही मासेमारी नौका भरकटली होती. शिपिंग कॉर्पोरेशनच्या 'संपूर्ण स्वराज्य' या तेलवाहू जहाजाच्या कप्तान राधिका मेनन यांनी त्यावरील सात मच्छीमारांचे प्राण वाचवले. २०१६ मध्ये आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेचा शौर्य पुरस्कार त्यांना मिळाला. जानेवारी २०२४ मध्ये एडनच्या आखातात 'मार्लिन लुआंडा' या जहाजावर क्षेपणास्त्र आदळले. जहाजाला आग लागली. त्यावर २२ भारतीय होते. ते जहाज सोडून पळाले नाहीत. आगीशी झुंजत राहिले, आणि भारतीय नौदलाची 'विशाखापट्टणम' ही युद्धनौका त्यांच्या मदतीला धावली. त्या कर्मचाऱ्यांचाही पुढे त्याच संघटनेने गौरव केला. व्यापारी नाविक आणि नौसैनिक एकाच मातेची लेकरे असल्याचे हे दर्शन आहे.

फसवणुकीचा फास

परंतु या उजळ चित्राला एक काळी बाजू आहे आणि ती थेट आपल्या घरांशी संबंधित आहे. 'मर्चंट नेव्हीत भरती' अशा जाहिराती आज कोणत्याही तालुक्याच्या गावी दिसतात. दहावी झालेल्या मुलाचा बाप सोसायटीचे कर्ज काढतो, आई दागिने गहाण टाकते, काही लाख रुपये एका दलालाच्या हाती पडतात. मुलाच्या हाती मात्र अमान्य संस्थेचा दाखला, नाहीतर एखाद्या लहानशा परदेशाच्या नावाने काढलेले सीडीसी येते. काही मुले बोटीवर पोहोचतात, पण ती बोट मोडकळीस आलेली आणि मालक बेपत्ता. पगार नाही, अन्न संपत आलेले, आणि परक्या बंदरात महिनोन्महिने अडकून पडणे. आंतरराष्ट्रीय वाहतूक कामगार महासंघाच्या नोंदीनुसार २०२४ मध्ये अशा रीतीने वाऱ्यावर सोडल्या गेलेल्या नाविकांत सर्वाधिक संख्या भारतीयांची होती. ही गोष्ट कोणाही देशाभिमानी माणसाला खाली मान घालायला लावणारी आहे.

कायदा यावर गप्प नाही. नाविकांची भरती करणाऱ्या प्रत्येक कंपनीला महासंचालनालयाचा परवाना घ्यावा लागतो. त्याला 'आरपीएसएल' म्हणतात. त्याचे नियम २००५ मध्ये झाले आणि २०१६ मध्ये सुधारले गेले. नोकरी लावून देण्यासाठी नाविकाकडून पैसे घेणे हा या नियमांचा भंग आहे. २०१५ मध्ये भारताने सागरी कामगार कराराला मान्यता दिली. त्याने वेतन, विश्रांती, औषधोपचार आणि मायदेशी परतीचा खर्च हे नाविकाचे हक्क ठरले. मात्र कायद्याचे संरक्षण सरळ दाराने आत गेलेल्यालाच पुरते मिळते. चोरवाटेने गेलेल्या मुलाचे नावच सरकारी दप्तरात नसते. मग त्याला शोधायचे कोठे?

म्हणून पालकांनी काही गोष्टी काटेकोरपणे पाळाव्यात. संस्था महासंचालनालयाच्या मान्यताप्राप्त यादीत आहे की नाही, हे शुल्क भरण्यापूर्वी पाहावे. अधिकारीपदाच्या शिक्षणाची वाट भारतीय सागरी विद्यापीठाच्या सामाईक प्रवेश परीक्षेतून जाते. 'परीक्षेविना थेट प्रवेश' असे कोणी म्हणाले, तर तेथूनच मागे फिरावे. मान्य वैद्याकडून डोळ्यांची तपासणी सर्वांत आधी करावी, कारण रंगांधळेपणा असलेल्या मुलाला जहाजाच्या डेकवर अधिकारी होता येत नाही आणि हे लाखो रुपये भरल्यावर कळून उपयोग नसतो. सीडीसी म्हणजे नोकरी नव्हे, हेही ध्यानात ठेवावे. करार हाती आल्यावर कंपनीचा परवाना क्रमांक, जहाजाचे नाव आणि वेतन तपासूनच मुलाला निरोप द्यावा.

जीवनाची कठोरता झाकून ठेवूनही चालणार नाही. सहा-सहा, नऊ-नऊ महिने घरापासून दूर राहावे लागते. दिवाळी, बहिणीचे लग्न, वडिलांचे आजारपण, सारे पाण्यावरच कळते. कोरोनाच्या काळात 'जग आनंद' या जहाजावरील २३ भारतीय चीनच्या बंदराबाहेर जून २०२० पासून अडकले आणि जानेवारी २०२१ मध्ये घरी परतले. पगाराचा आकडा पाहून नव्हे, तर हे सारे सोसण्याची तयारी पाहून मुलाने हा मार्ग निवडावा.

जहाजे आपली हवीत

आणखी एका प्रश्नाकडे पाहिल्याशिवाय हा विषय पूर्ण होत नाही. शासनाच्या आकडेवारीनुसार भारतीय नाविकांची संख्या २०१४ मध्ये सव्वा लाखाच्या आत होती, ती २०२३ पर्यंत पावणेतीन लाखांच्या पुढे गेली. जगाला नाविक पुरवणाऱ्या पहिल्या पाच देशांत भारत आहे. पण यांतील बहुसंख्य मुले परदेशी ध्वजाखाली काम करतात. भारताचा आकारमानाने सुमारे ९५ टक्के विदेश व्यापार समुद्रमार्गे होतो. १९४७ मध्ये सर सी. पी. रामस्वामी अय्यर समितीने दूरदेशीच्या व्यापाराचा निम्मा वाटा भारतीय जहाजांनी उचलावा, असे उद्दिष्ट ठेवले होते. ऐंशीच्या दशकात विदेश व्यापारातील भारतीय जहाजांचा वाटा ४० टक्क्यांच्या आसपास पोहोचला. आज तो ५ टक्क्यांच्या घरात आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये भावनगरच्या सभेत पंतप्रधानांनी सांगितले, की दरवर्षी सुमारे ६ लाख कोटी रुपये परदेशी जहाज कंपन्यांना भाड्यापोटी जातात.

म्हणजे आपण नाविक घडवतो, माल आपला आहे, बंदर आपले आहे. जहाज आणि भाडे मात्र परक्याचे. युद्ध वा निर्बंधांच्या काळात परक्याचे जहाज आपल्या शब्दावर चालेलच, याची खात्री कोण देणार? चिदंबरम पिळ्ळै आणि वालचंद ज्या प्रश्नासाठी झगडले, तो प्रश्न शंभर वर्षांनी वेगळ्या रूपात आपल्यासमोर उभा आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये जहाजबांधणी व सागरी क्षेत्रासाठी ६९,७२५ कोटी रुपयांच्या योजनांना मान्यता दिली आणि मोठ्या जहाजांना पायाभूत सुविधांचा दर्जा मिळाला. पालघर जिल्ह्यात वाढवण बंदराची पायाभरणी ऑगस्ट २०२४ मध्ये झाली. ही पावले योग्य दिशेची आहेत. तथापि निव्वळ निधीने जहाज चालत नाही. मान्यता दिलेल्या प्रत्येक संस्थेची कसून तपासणी, शिक्षण संपलेल्या प्रत्येक मुलाला जहाजावर प्रशिक्षणाची जागा आणि खोट्या दलालाला वेळेवर शिक्षा, या तीन गोष्टी महासंचालनालयाने काटेकोर केल्या, तरच हा पैसा कारणी लागेल.

कोल्हापूरचे कर्तव्य

या कार्यात कोल्हापूरचा वाटा मोठा असू शकतो. उद्यमनगरच्या भट्ट्यांत आणि यंत्रशाळांत पिढ्यान्‌पिढ्या इंजिने उघडून जोडली गेली आहेत. कसबा बावड्यातच अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. यंत्र अभियांत्रिकीच्या पदवीधराला एका वर्षाच्या शिक्षणानंतर सागरी अभियंता होण्याचा मार्ग खुला असतो, हे येथल्या किती मुलांना ठाऊक आहे? दहावी झालेल्या मुलासाठीही खलाशी वर्गाचा सहा महिन्यांचा अधिकृत अभ्यासक्रम आहे. मुलींनाही ही दारे उघडी आहेत आणि गेल्या दशकात त्यांची संख्या अनेक पटींनी वाढली आहे.

येथल्याच लक्ष्मीविलास राजवाड्यात २६ जून १८७४ रोजी राजर्षी शाहू महाराजांचा जन्म झाला. खेड्यातल्या हुशार मुलाला शिक्षणाचा दरवाजा कोठे आहे हेच माहीत नसते, हे त्यांनी ओळखले आणि कोल्हापुरात जातीजातींची वसतिगृहे उभी राहिली. आजच्या काळात त्या दरवाजाचे रूप बदलले आहे. प्रवेश परीक्षेचा अर्ज भरताना कोणी शेजारी बसणे, संस्थेची मान्यता तपासून देणे, बँकेच्या शैक्षणिक कर्जासाठी सोबत जाणे, फसवल्या गेलेल्या कुटुंबाला तक्रार लिहून देणे, हे काम प्रत्येक वस्तीतील कार्यकर्त्याला करता येण्यासारखे आहे. त्याला निधी लागत नाही. माहिती आणि तळमळ लागते.

गावातून एक मुलगा सरळ वाटेने समुद्रावर गेला, नियमाने शिकला आणि आपल्या देशाचे खरे प्रमाणपत्र घेऊन जगाच्या बंदरांत ताठ मानेने उभा राहिला, तर तो आपल्याबरोबर राष्ट्राची पत घेऊन जातो. तसे मुलगे आणि मुली पंचगंगेच्या काठावरून निघोत आणि उद्या भारताच्याच ध्वजाची जहाजे त्यांच्या हाती येवोत, यासाठी आज घराघरांतून सावधपणाने आणि निश्चयाने प्रयत्न व्हायला हवेत.

॥ भारत माता की जय ॥